विचारलं की गप्प, पांघरुणात मात्र पाठ

पत्र : माझा धाकटा चार वर्षांचा आहे. आम्ही लातुरात राहतो, गाव औसा तालुक्यात. मोठीनं साडेतीन वर्षांची असताना अ ते ज्ञ घडाघडा म्हणून दाखवलं होतं, तेही आल्यागेल्यासमोर उभं राहून. हा तसा नाही. पाटी समोर ठेवली की नुसता बघत बसतो. काढलंच एखादं अक्षर आणि ते जरा वाकडं झालं की थुंकी लावून पुसतो, परत काढतो, परत पुसतो आणि शेवटी पाटी पालथी घालून उठून जातो. स्वतःच्या नावाचा श सुद्धा काढत नाही. येळवशीला (वेळा अमावस्येला) शेतात सगळे जमले होते. मोठ्या जाऊबाईंनी 'ब कुठला, सांग बरं' म्हणून विचारलं, तर माझ्या पदरात तोंड खुपसून बसला. त्यांचा मुलगा याच्याहून लहान, त्यानं सगळं म्हणून दाखवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्युनियर केजीच्या मॅडम म्हणतात मागं पडतोय. मिस्टर म्हणतात ट्यूशन लावू. सासरे निवृत्त शिक्षक, ते म्हणतात रोज तासभर बसवल्याशिवाय होत नसतं. रात्री पांघरुणात मात्र ताईचे पाठ हळूच पुटपुटतो. आणि बसस्टँडवर औशाच्या गाडीची पाटी लांबून ओळखतो, तेवढंच. हा मठ्ठ आहे का हट्टी? नाव छापू नका. — एक आई, लातूर

उत्तर :

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही 'तेवढंच' म्हणून झटकून टाकलीय. बसस्टँडवर निलंगा, उदगीर, अहमदपूर, औसा अशा गाड्या लागलेल्या असतात, माणसांची रेटारेटी चाललेली असते, आणि त्यातून चार वर्षांचं लेकरू लांबूनच आपल्या गावची पाटी हेरतं. तो अजून अक्षराला अक्षर लावून वाचत नाही, हे खरं. 'औसा' हा शब्द त्याला अख्खाच्या अख्खा चित्रासारखा दिसतो. आखूड शब्द, चार उभ्या दांड्या, सुरुवातीला डोक्यावर दोन मात्रा. पण एवढं टिपायला नजर लागते, आणि बहुतेक लेकरांचं वाचन असंच सुरू होतं. बिस्किटाचा पुडा, दुकानाची पाटी, गावची एसटी. तुम्ही पाटीवर शिकवताय आणि तो पाटी वाचतोय, फक्त तुमची नव्हे, एसटीची.

तेव्हा मठ्ठ हा शब्द आजपासून बंद. हट्टीही नाही. हा बघून, ऐकून, आतल्या आत घोळवून, खात्री झाल्यावर तोंड उघडणारा गडी आहे. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर नवराबायकोनं १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये तान्ह्या बाळांपासून सुरुवात करून मुलांच्या स्वभावाचा कित्येक वर्षं माग ठेवला. त्यांना साधारण १५ टक्के मुलं अशी आढळली, जी नव्या गोष्टीपुढं आधी मागं सरकतात, अंदाज घेतात आणि हळूहळू रुळतात. चटकन मिसळणारी ४० टक्के, सांभाळायला अवघड १० टक्के, आणि उरलेली कुठल्याच खान्यात नीट न बसणारी. त्यांचं मुख्य म्हणणं असं की कुठलाही स्वभाव मुळात चांगला किंवा वाईट नसतो. लेकराचा स्वभाव आणि घरच्यांची अपेक्षा यांचा मेळ बसतो का, यावर पुढचं बरंचसं ठरतं. तुमच्याकडं मोठीचा मेळ आपोआप बसला. तिला लोकांसमोर म्हणून दाखवायला आवडायचं आणि लोकांना ऐकायला. धाकट्याच्या बाबतीत मेळ मुद्दाम बसवावा लागेल.

इथं एक इशारा देते, कारण हल्ली मोबाइलवर याचं पेव फुटलंय. 'तुमचं मूल डोळ्यांनी शिकणारं, कानांनी शिकणारं की हातांनी शिकणारं?' अशा चाचण्या घेऊन पैसे काढतात. २००८ मध्ये चार मानसशास्त्रज्ञांनी यावरचं संशोधन तपासलं होतं, आणि मूल ज्या 'प्रकारचं' त्याच प्रकारे शिकवलं तर जास्त शिकतं, याला म्हणावा असा पुरावा त्यांना सापडला नाही. अक्षर सगळ्याच लेकरांना दिसावं लागतं, ऐकू यावं लागतं आणि हातातून उतरावं लागतं. स्वभावानं फरक पडतो तो वेगळ्या ठिकाणी: किती वेळ बसेल, चुकलं तर काय करेल, कुणासमोर बोलेल.

तुमच्या लेकराचं अडलंय 'चुकलं तर'वर. थुंकी लावून पुसणं तुम्ही खोडी समजताय. मला त्यात दिसतं ते असं की, मनात जे अक्षर स्पष्ट आहे ते हातातून तसं उतरत नाही आणि त्याला ते सहन होत नाही. त्यात हाताचाही दोष नाही. साधारणपणे लेकरू तीन वर्षांचं असताना गोल काढतं, चारच्या सुमाराला अधिकचं चिन्ह, साडेचार-पाचला चौकोन आणि पाचनंतर कुठं त्रिकोण. श बघा एकदा नीट: वर गाठ, तिथून वळण, मग तिरपी रेघ, मग दांडी. चार वर्षांच्या बोटांना ते जमलं नाही तर आश्चर्य काय? आणि आपण सुरुवात करतो ती 'अ'पासून, जो काढायला सगळ्या वर्णमालेतला एक किचकट गडी आहे.

म्हणून पहिलं काम: ओळखणं आणि लिहिणं वेगळं करा. ओळखायला औ, श, काहीही चालेल, कारण ते त्याच्या जिव्हाळ्याचं आहे. लिहायला मात्र सोपं द्या. सासऱ्यांना ग, म, भ, न हा क्रम ठाऊक असेलच, एकमेकांसारख्या वळणाची अक्षरं एकत्र घेण्याचा. त्याच्याही आधी नुसत्या उभ्या रेघा, गोल, अर्धगोल होऊ द्यात. ट, र, प, ठ ही एका-दोन वळणांत होणारी अक्षरं त्यानंतर.

दुसरं, पाटी-पेन्सिल काही दिवस माळ्यावर टाका. तुमच्या वसरीत किंवा अंगणात शहाबादी फरशी असेलच. एक वाटी पाणी आणि जुना रंगाचा ब्रश द्या, नाहीतर कापडाची वळी करून द्या. फरशीवर पाण्यानं काढलेलं अक्षर काळंभोर उमटतं आणि लातूरच्या उन्हात बघता बघता उडून जातं. पुसायची गरजच नाही. वाकडं झालेलंही गेलं, नीट झालेलंही गेलं. जे लेकरू चुकीला भितं त्याला याच्याइतकं औषध नाही. तुम्हीही बाजूला बसून काढा, आणि मुद्दाम वाकडं काढा. 'अरे, माझ्या ग ची मान मोडली' म्हणा आणि तसंच पुढं चला. आईचं चुकतं आणि आभाळ कोसळत नाही, हे त्याला बघायला मिळू द्या. सांगून ते कळत नसतं. पावसाळ्यात परातीत ज्वारीचं पीठ पसरून बोटानं काढू द्या. पिठातलं चुकलं तर परात हलवली की संपलं.

आता विचारण्याबद्दल. घरात कोण त्याला दिवसातून किती वेळा 'हे काय? सांग बरं!' म्हणतं, एकदा लक्ष ठेवा. तुम्ही, मिस्टर, आजोबा, ताई, शेजारच्या काकू. मोठीला तो कौतुकाचा प्रसंग वाटायचा, याला तो झडतीसारखा वाटतो. पंधरा दिवस एकही प्रश्न विचारायचा नाही, असं घरात ठरवून टाका. त्याऐवजी आपणच बोलायचं. स्टँडवर गेलात की 'आली आपली औशाची. औ बघ, डोक्यावर दोन मात्रा. आजोबांच्या औताचा पण औच.' एवढंच, आणि गाडीत चढायचं. 'म्हण औ' नाही. तो काही म्हणणार नाही. रात्री पांघरुणात म्हणेल. तिथं त्याला मध्येच उचलून शाबासकीही देऊ नका. लपून केलेलं उघडं पडलं की असलं लेकरू तेही बंद करतं.

पंधरा दिवसांनी विचारायचंच झालं तर तोंडानं उत्तर द्यावं लागणार नाही असं विचारा. नावाच्या चिठ्ठ्या लावलेले डबे पुढं ठेवून 'यातला कुठला डबा शेंगदाण्याचा?' म्हणा आणि त्यानं बोट दाखवलं की झालं. किंवा तुम्हीच चुका. त्याच्या नावाच्या चिठ्ठीवर बोट ठेवून ताईचं नाव वाचा. गप्प बसणारी लेकरं स्वतःची परीक्षा देत नाहीत, पण मोठ्यांची चूक सोडत नाहीत! 'ते माझं हाय' असं तो ओरडला की समजा, श ओळखला.

श वरून आठवलं. स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर बहुतेक लेकरं सगळ्यांच्या आधी ओळखतात, यावर बराच अभ्यास झालेला आहे. पण तुमच्या लेकरापुढं एक जादा अडचण असू शकते. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयानुसार मराठीसाठी देठाचा श आणि पाकळीचा ल प्रमाण मानलेत. मोबाइलवर, टीव्हीवर, दुकानांच्या पाट्यांवर मात्र पुष्कळदा हिंदी वळणाचा श आणि दांडीचा ल दिसतो. तुम्ही एक काढता, पुस्तकात दुसरा, मोबाइलमध्ये तिसऱ्याच ढंगाचा. मोठीनं असल्या फरकाकडं ढुंकूनही बघितलं नसेल. बारकाईनं बघणारं लेकरू इथं अडतं आणि अडलंय हे सांगतही नाही. त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या घरभर एकाच वळणाच्या ठेवा, आणि दुसरा श दिसला की सहज म्हणा, 'हा पण श च, याचा सदरा वेगळा.'

च चंही तसंच. चाकातला च आणि चहातला च कानाला सरळसरळ वेगळे लागतात, अक्षर एकच. जाळ्यातला आणि जिलबीतला ज तसाच. या लेकरानं कधी विचारलं, 'चाकाचा च चहाला कसा?' तर दटावू नका. प्रश्न बिनतोड आहे. 'हो रे, दोन आवाजांना एकच अक्षर' म्हणून मोकळं व्हा. इ-ई, उ-ऊ मधला ऱ्हस्व-दीर्घ या वयात सोडून द्या. आजी 'पानी' म्हणत असेल आणि पुस्तकात 'पाणी' असेल, तर आजीला लेकरासमोर सुधारायला जाऊ नका. ण पुढं येईल तेव्हा येईल.

तक्त्यातल्या अननस, ऐरण, षटकोन, यज्ञ यांचंही फार मनावर घेऊ नका. तुमच्या घरात, शेतात मुबलक आहे: आंबिलीचा आ, उंड्याचा उ, उसाचा ऊ, कडब्याचा क, खुरप्याचा ख, तुरीचा त, भज्जीचा भ. पुढच्या येळवशीला ही भज्जी, हे उंडे त्याच्या ताटात असतीलच, तिथं कुणाला काही म्हणून दाखवायची गरज पडणार नाही.

जाऊबाईंचा विषय तुम्ही काढलात म्हणून बोलते. लहानग्यानं म्हणून दाखवलं ते छानच, पण म्हणणं आणि ओळखणं यांत अंतर असतं. अ ते ज्ञ चालीवर पाठ असणाऱ्या पुष्कळ लेकरांना मधलंच 'ध' दाखवलं की पहिल्यापासून म्हणत यावं लागतं. त्यांचं काही चुकलेलं नाही, पण ते शर्यतीत पुढं गेलेत असंही नाही. लोकांनी पुन्हा विचारलं तर 'तो सध्या ऐकतोय' एवढं म्हणा आणि आंबील वाढायला घ्या. मेल्याहून मेल्यासारखं तुम्हाला झालं, हे पदरात तोंड खुपसलेल्या लेकराला कळलेलं असतं, बरं का.

मोठीचं काय करायचं? ती त्याच्या आधी उत्तर देत असणार, सात-आठ वर्षांच्या ताया देतातच. तिला गप्प बसवू नका, काम द्या. रोज एक गोष्ट तिनं वाचून दाखवायची आणि वाचताना ओळीखालून बोट फिरवायचं. शिकवायचं नाही, फक्त वाचायचं. पांघरुणातला वर्ग आधीच चालू आहे, त्याला पुस्तक मिळेल.

सासऱ्यांचं 'रोज तासभर' त्यांच्या काळच्या पहिली-दुसरीच्या वर्गाला ठीक होतं. चार वर्षांच्या लेकराला दहा मिनिटं पुष्कळ, तीही तो उठायच्या आधी आपण संपवायची. त्यांना नुसतं 'नको' म्हणू नका, गुरुजी माणूस दुखावेल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ पासून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला गावातल्या लेकरांसाठी बालवाडी उभी केली, ती बिया, पानं, शिंपले, माती अशी परिसरातली साधनं घेऊन. हे त्यांना ठाऊक असणार. त्यांनाच त्याबद्दल विचारा, ते रंगून सांगतील. मग म्हणा, 'बाबा, तुमचं अक्षर चांगलं आहे, घरातल्या डब्यांना चिठ्ठ्या तुम्हीच करा, ठसठशीत.' तूर, गूळ, मीठ, रवा. लेकरू शेजारी बसून बघेल. असल्या लेकराला बघायला मिळणं हीच शिकवणी.

ट्यूशन नको. लातूर पॅटर्न जगात कुठंही गाजू दे, तो अकरावी-बारावीच्या पोरांसाठी आहे, ज्यांच्या मिशा फुटल्यात. चार वर्षांच्या लेकराला अनोळखी बाईपुढं, पाच-सहा पोरांमध्ये बसवून 'हा कोण' विचारलं, की हा तोंड उघडणार नाही, आणि महिन्याच्या शेवटी तुम्हाला ऐकायला मिळेल, 'लक्षच देत नाही हो.' मिस्टरांना हिशोब सांगा: पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे हातात दोन वर्षं आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ हा सगळा काळ पायाभूत टप्पा धरलाय. मराठीत वर्ण ५२, त्यावर बाराखडी, त्यावर जोडाक्षरं. शेजारच्या कन्नडवर झालेल्या अभ्यासातही असंच दिसलं की अशा लिपीतली सगळी चिन्हं पक्की व्हायला तिसरी-चौथी उजाडते. चौथ्या वर्षी सगळं यायला हवं, ही घाई लिपीनं लावलेली नाही.

एबीसीडीचं विचाराल तर ती शाळेवर सोडा. घरात मराठी. एकाच बैठकीत 'ब' आणि 'बी' दोन्ही नकोत. इंग्रजीतले बी-डी उलटे काढले तर सहा-सात वर्षांपर्यंत ते काळजीचं नसतं.

ज्यांचं लेकरू याच्या उलट, एका जागी पाच मिनिटं टिकत नाही, त्यांची पत्रंही येतात, म्हणून दोन ओळी. खडूनं अंगणात मोठमोठी अक्षरं काढा आणि 'म वर उडी, ग वर उडी' करा. त्याला चुकण्याचं काही वाटत नाही, त्यामुळं त्याला हवं तितकं विचारा, फक्त बसवून विचारू नका.

एक-दोन गोष्टी मात्र तपासून घ्या. पाठमोरा असताना हळू हाक मारली तर वळतो का? कान फुटतो का, वारंवार सर्दी असते का? शंका असेल तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा. कमी ऐकू येणारं लेकरूही असंच गप्प दिसतं. आणि मॅडमना विचारा, तो शाळेत कुणाशीच बोलत नाही का. मधल्या सुट्टीत एखाद्या मित्राशी कुजबुजत असेल, लघवीला जायचं सांगत असेल, तर हा स्वभाव. घरी भरपूर बोलतो आणि शाळेत महिनोन् महिने एक शब्द नाही, गरजेपुरताही नाही, असं असेल तर बालमानसतज्ज्ञांचा सल्ला घ्या. त्यावर उपाय असतात आणि लवकर गेलं तर ते सोपे जातात.

मॅडमशी बोलताना 'मागं पडतोय' वर वाद घालू नका. तीन गोष्टी मागा. त्याला फळ्यापुढं उभं करून विचारू नये, बोट दाखवून उत्तर दिलं तर ते उत्तर धरावं, आणि गृहपाठाच्या ओळी महिनाभर निम्म्या कराव्यात. पहिल्या दोन गोष्टींना खर्च नाही, कुणी नाही म्हणणार नाही. तिसरीवर अडतील. अडल्याच तर निम्म्या ओळी तुम्ही लिहून पाठवू नका, कोऱ्या पाठवा आणि वर चिठ्ठी लावा, 'एवढंच झालं.' महिनाभरानं काय झालं ते कळवा. शाळा अडूनच बसली तर पुढं काय करायचं ते तेव्हा बघू.